हायड्रंट पाणीपुरवठ्याचे, बंब अग्निशमनचा: दोघांची सांगड आगीआधी कशी घालावी

अनेक गावांत अग्निशमन केंद्राच्या भिंतीवर हायड्रंटची, म्हणजे बंबाला पाणी देणाऱ्या नळांची, यादी टांगलेली असते आणि तिच्या भरवशावर सगळे निर्धास्त असतात. प्रत्यक्षात बंब पोचतो, चेंबर, म्हणजे नळाचा झाकणबंद खड्डा, सापडतो, नळ उघडायचा दांडा, म्हणजे स्पिंडल, तोही फिरतो आणि नळातून नुसती हवा येते. कारण त्या भागाला पाणी सकाळी सहा ते आठ सुटतं आणि आग लागलेली असते रात्री एकला. ज्याच्याकडे व्हॉल्व्हची चावी आहे तो व्हॉल्व्हमन घरी झोपलेला असतो आणि त्याचा नंबर केंद्रात कुणाकडेच नसतो.

हायड्रंट मोजून पाणी मिळत नाही. हायड्रंटच्या मागचा व्हॉल्व्ह, त्याच्या मागची टाकी आणि ते उघडणारा माणूस, ही सगळी साखळी हातात असावी लागते. आपल्याकडे ती साखळी बहुतेक वेळा पाणीपुरवठ्याच्या ताब्यात असते. ती अग्निशमनला कायमची कशी उपलब्ध करून घ्यायची, त्याचे टप्पे इथे दिले आहेत. स्टेशन ऑफिसर, पाणीपुरवठ्याचे शाखा अभियंते आणि पाठपुरावा करणारे नगरसेवक किंवा रहिवासी, तिघांनाही ते वापरता येतील. क्रम मात्र मोडू नका. पाहणी आणि चाचणीच्या आधीच करार करायला बसलात तर हाती गुळमुळीत कागद येतो.

## टप्पा १: नळ कुणाचा, हे आधी कागदावर आणा

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा आणि अग्निशमन सेवा दोन्ही नागरी संस्थांच्या कामांत मोडतात. त्यामुळे दोन्ही एकाच छपराखाली असतील असं आपण धरून चालतो. ते खरं असेलच असं नाही.

मुंबईत महापालिका एकच, पण जलअभियंता खातं वेगळं आणि अग्निशमन दल वेगळं. अंबरनाथ, बदलापूर आणि अमरावतीत घरोघरी पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं, तर बंब नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा. एमआयडीसीच्या हद्दीत पाणीही महामंडळाचं आणि अग्निशमन केंद्रंही त्यांचीच, पण कुंपणापलीकडच्या गावठाणाला ते लागू होत नाही. सोसायटी, मॉल, कारखाना यांच्या आवारातले हायड्रंट मालकाचे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ते चालू ठेवायची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची असते आणि दरवर्षी जानेवारी व जुलैत परवानाधारक संस्थेकडून ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

म्हणून शहराच्या नकाशावर हायड्रंटच्या मालकीप्रमाणे चार रंग द्या: पाणी विभाग, प्राधिकरण, एमआयडीसी, खासगी.

तपासा: प्रत्येक रंगासमोर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचं पद लिहिलंय का? नाव लिहू नका, पद लिहा. बदल्या होतात.

## टप्पा २: संयुक्त पाहणी, दोन्ही खात्यांची माणसं एकाच गाडीत

इथे हमखास चूक होते. अग्निशमन आपली यादी करतं, पाणीपुरवठा आपली. दोन्ही याद्या फायलीत पडून राहतात आणि एकमेकींशी जुळत नाहीत. पाहणीला एक फायरमन, एक शाखा अभियंता आणि त्या झोनचा व्हॉल्व्हमन हे तिघे हवेतच. व्हॉल्व्हमनला वगळून केलेल्या पाहणीला काडीचा अर्थ नाही. जुन्या लाइनी कुठून कुठे जातात हे नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

सोबत घ्या: हायड्रंटची किल्ली, कुदळ, घमेलं, तारेचा ब्रश, ग्रीस, रबरी वॉशरची पिशवी, मोजपट्टी, पिवळा रंग आणि मोबाइल.

प्रत्येक ठिकाणी पुढच्या गोष्टी नोंदवा.

क) प्रकार. उभा स्टँड पोस्ट, म्हणजे भारतीय मानक (आयएस) ९०८ धर्तीचा, की जमिनीखालचा स्लुईस व्हॉल्व्ह प्रकारचा, म्हणजे आयएस ९०९ चा. जमिनीखालच्याला स्टँडपाइप, म्हणजे वर जोडायचा उभा पाइप, लागतो. तो बंबावर आहे का, हेही त्याच ओळीत लिहा.

ख) चेंबरची अवस्था. झाकण उचला आणि आत हात घाला. वरून बघून ‘ठीक’ असा शेरा मारायचा नाही. चेंबरमध्ये वीतभर गाळ असतो, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, आणि खाली स्पिंडलचं चौकोनी डोकं पान्याने पिळून पिळून गोल झालेलं. त्यावर किल्ली बसतच नाही, नुसती घसरते. अशा हायड्रंटसमोर लाल फुली.

ग) पितळ जागेवर आहे का. कपलिंग आणि टोपण भंगारात जातं. नसेल तर नवं बसवायचा प्रस्ताव त्याच दिवशी.

घ) बंब पोचतो का. हातगाड्या, पार्किंग, मंडपाचे खांब, नव्याने बांधलेला ओटा. हायड्रंटपाशी बंब थांबल्यावर दुसरी गाडी शेजारून जाईल का, हेही बघा.

ङ) लाइन किती मिमीची. १०० मिमीच्या जुन्या बिडाच्या लाइनीवर दोन डिलिव्हरी होज, म्हणजे पाणी नेणाऱ्या लवचिक नळ्या, लावून भागणार नाही.

जागेची नोंद दोन प्रकारे करा. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश घ्या, आणि विजेचा खांब, इमारतीचा कोपरा, देवळाची पायरी अशा तीन पक्क्या खुणांपासून पट्टीने मोजलेली अंतरंही लिहा. मोबाइलचा ठिपका चार-पाच मीटर चुकतो आणि डांबराखाली गेलेलं झाकण शोधायला तेवढी चूक पुरेशी असते.

सावध: रस्त्याचं काँक्रिटीकरण चालू असलेला भाग आधी उरका. एकदा स्लॅब पडला की झाकण वर आणायला नव्याने निविदा लागते. रस्ते विभागाच्या कंत्राटात ‘हायड्रंट व व्हॉल्व्ह चेंबर नव्या पातळीला उचलणे’ ही बाब आहे का, ते काम सुरू होण्याआधी वाचा.

## टप्पा ३: जोड बसतो का, ते हाताने बसवून बघा

भारतात डिलिव्हरी होजचा नेहमीचा जोड ६३ मिमीचा, खटक्याने बसणारा. जुन्या हायड्रंटवर मात्र पेचाची तोंडं निघतात, कधी वेगळ्याच मापाची. कागदावर ‘६३ मिमी’ लिहिलेलं असतं आणि जागेवर होज बसत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक हायड्रंटला बंबावरचा होज खरोखर लावून बघा. जिथे बसला नाही तिथलं माप घ्या आणि तसे अॅडॅप्टर करून बंबावर ठेवा. दीर्घकालीन उपाय म्हणजे तोंड बदलणं, पण ते होईपर्यंत अॅडॅप्टर गाडीवर हवाच.

किल्लीचंही तसंच. हायड्रंट, झाकण आणि खालचा व्हॉल्व्ह तिन्हींना चालणाऱ्या जोडकिल्लीचं मानक आयएस ९१० आहे. प्रत्येक बंबावर दोन ठेवा. एक किल्ली पाणीपुरवठ्याच्या कपाटात आणि कपाटाची चावी हेडक्लार्ककडे, ही आपली आवडती व्यवस्था. ती मोडा.

## टप्पा ४: पाणी किती येतं, ते घड्याळ लावून मोजा

महागडी उपकरणं नसली तरी चाचणी होते. बंब हायड्रंटला लावा, रिकामी टाकी भरायला किती वेळ लागतो ते मोजा. टाकी ४,५०० लिटरची असेल आणि पाच मिनिटांत भरली तर मिनिटाला ९०० लिटर. पंधरा मिनिटं लागली तर ३००.

हा आकडा कशाशी ताडायचा? २० मिमीचं नोझल ४ बार दाबाला मिनिटाला साधारण ५३० लिटर फेकतं. म्हणजे एक ब्रांच, अर्थात नोझल लावलेली आग विझवायची एक नळी, चालू असताना ४,५०० लिटर साडेआठ मिनिटांत संपतात, दोन ब्रांचना चार मिनिटंच. त्यावरून मी तीन गट करतो:

- साडेआठ मिनिटांच्या आत टाकी भरते: हा हायड्रंट एक ब्रांच अखंड चालवू शकतो. हिरवा.
- साडेआठ ते वीस मिनिटं: आळीपाळीने गाड्या भरायला ठीक. पिवळा.
- त्याहून जास्त: आगीच्या यादीतून काढा. यादीत ठेवलात तर कुणीतरी त्याच्या भरवशावर जाईल.

चाचणी दोनदा घ्या: एकदा पाणी सुटायच्या वेळेत, एकदा बंद वेळेत. बंद वेळेतली चाचणीच खरी. पहिलीचा आकडा कितीही छान असला तरी दिवसातले बावीस तास तो खोटा असतो.

सावध: चाचणीआधी हायड्रंट मोकळा सोडून गाळ वाहू द्या, मगच होज लावा. तांबडं पाणी आणि खडे सरळ पंपात गेले तर चाचणी महागात पडेल. शिवाय आदल्या दिवशी परिसरात सूचना द्या, नाहीतर संध्याकाळी गढूळ पाण्याच्या तक्रारी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला झेलाव्या लागतील आणि पुढच्या चाचणीला तो येणार नाही.

## टप्पा ५: व्हॉल्व्हची साखळी लिहून काढा

सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

ठरावीक वेळ पाणी देणाऱ्या शहरात हायड्रंटपर्यंत पाणी आणायला टाकीच्या आउटलेटपासून दोन-तीन व्हॉल्व्ह उघडावे लागतात. प्रत्येक हिरव्या आणि पिवळ्या हायड्रंटसाठी एक चिठ्ठी बनवा. तिच्यावर एवढंच असावं:

१. कुठल्या जलकुंभातून पाणी येतं.
२. कुठले व्हॉल्व्ह उघडायचे, क्रमाने, जागेच्या खुणेसह.
३. कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे.
४. हे कोण करणार आणि तो नसेल तर कोण.

तिसरा मुद्दा जवळजवळ सगळेच विसरतात. झोनचा व्हॉल्व्ह उघडला की पाणी हायड्रंटकडे धावत नाही. आधी दीडशे घरांच्या जमिनीखालच्या टाक्या भरायला लागतात, शिवाय लाइनीला थेट लावलेल्या मोटारी ओढतात त्या वेगळ्याच. रात्री अवेळी पाणी आलंय म्हटल्यावर लोक उठून मोटारी लावतात, हे काही सांगायला नको. म्हणून आगीच्या गल्लीकडे जाणारी लाइन सोडून बाकी फाटे बंद करायचे. हे व्हॉल्व्ह आधी ठरलेले नसतील तर ऐन वेळी कुणालाही आठवत नाहीत.

आणखी एक गुंता विजेचा. आग लागली की महावितरण त्या भागाचा पुरवठा तोडतं, आणि तोडायलाच हवा. पण पंपिंग स्टेशन त्याच फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, असेल तर टाकी भरणं थांबतं. फीडर कुठला, हे चिठ्ठीच्या पाठीमागे लिहा आणि महावितरणच्या सहाय्यक अभियंत्याला एक प्रत द्या.

तपासा: व्हॉल्व्हमन रजेवर आहे असं धरून, दुसऱ्या माणसाने चिठ्ठी वाचून व्हॉल्व्ह शोधून दाखवावा. सापडला नाही तर दोष चिठ्ठीचा.

## टप्पा ६: जलकुंभाखालचा फिलिंग पॉइंट

लहान नगरपरिषदांना माझा स्पष्ट सल्ला आहे: रस्त्यावरच्या दहा आजारी हायड्रंटमागे धावण्याआधी प्रत्येक उंच टाकीखाली एक फिलिंग पॉइंट, म्हणजे बंब भरायचा नळ, करून घ्या. टाकीच्या आउटलेटवर, वितरणाच्या व्हॉल्व्हच्या अलीकडे, १०० मिमीची शाखा आणि तिला ६३ मिमीची दोन तोंडं. वितरण बंद असलं तरी टाकीत पाणी असेपर्यंत हा नळ जिवंत.

फाटक बंबाला पुरेल एवढं रुंद हवं आणि जमीन पक्की. ४,५०० लिटर म्हणजे नुसतं पाणीच साडेचार टन, वर गाडी. पावसाळ्यात मुरमात रुतलेला बंब बाहेर काढायला जेसीबी मागवावा लागतो. कुलपाच्या दोन चाव्या: एक पहारेकऱ्याकडे, एक बंबावर.

टाकीत पाणी उरलं पाहिजे, ही पुढची अडचण. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीत, म्हणजे सीपीएचईईओच्या मॅन्युअलमध्ये, ५० हजारांवरच्या लोकवस्तीला आगीसाठीची तरतूद १०० गुणिले लोकसंख्येचं, हजारांत मोजलेल्या, वर्गमूळ अशी काढतात. उत्तर किलोलिटरमध्ये येतं. लाखाच्या शहराला १,००० किलोलिटर, म्हणजे दहा लाख लिटर. यातला एक तृतीयांश भाग सेवा टाक्यांमध्ये असावा अशी अपेक्षा आहे. रोज टाकी तळापर्यंत रिकामी करणाऱ्या गावाला हे एकदम जमणार नाही. सुरुवात म्हणून एकेका टाकीत दोन ब्रांच तासभर चालतील एवढं, म्हणजे साधारण ६५ हजार लिटर, कायम ठेवायचं ठरवा आणि पातळीदर्शकावर तिथे लाल रेघ मारा.

## टप्पा ७: आता कागद

मुख्याधिकारी किंवा आयुक्त आणि पाणी यंत्रणेचे कार्यकारी अभियंता यांच्या सहीचं संयुक्त परिपत्रक काढा. दोन पानं पुरतात. त्यात हे असावंच:

आगीच्या वेळी हायड्रंट, फिलिंग पॉइंट आणि ठरलेले व्हॉल्व्ह उघडायला अग्निशमनला कुणाचीही पूर्वपरवानगी लागणार नाही. कळवणं त्याच वेळी, लेखी नोंद चोवीस तासांत. आग विझवायला, चाचणीला आणि सरावाला वापरलेल्या पाण्याचं बिल लागणार नाही. इंग्लंडमध्ये पाणी कंपन्या खासगी आहेत, तरी तिथल्या कायद्याने या पाण्याला आकार लावता येत नाही. आपल्याकडे दोन सरकारी खाती त्यावरून पत्रव्यवहार करत बसणं शोभत नाही.

दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे एका वाक्यात हवं. लाइन, व्हॉल्व्ह आणि चेंबर पाणी यंत्रणेचे, कपलिंग, किल्ल्या आणि अॅडॅप्टर अग्निशमनचे, अशी वाटणी सहसा मान्य होते. हायड्रंट बंद ठेवायचा असेल तर पाणी यंत्रणेने केंद्राला त्याच दिवशी कळवायचं. नवी लाइन टाकताना आराखडा अग्निशमनला दाखवायचा. आणि हायड्रंटवरून टँकर भरायला पूर्ण मनाई. ‘तात्पुरती’ सवलत दिली की हायड्रंट टँकरवाल्यांचा होतो आणि स्पिंडल सहा महिन्यांत जातो.

सावध: ‘आवश्यकतेनुसार सहकार्य करावे’ असं वाक्य मसुद्यात दिसलं तर खोडा. त्याने कोणावरच काही बंधनकारक होत नाही.

## टप्पा ८: आगीच्या वेळचा क्रम

१. १०१ वर फोन आला की नियंत्रण कक्षाने बंब सोडताना त्याच मिनिटाला पाणी यंत्रणेलाही फोन करायचा. घटनास्थळावरून ‘पाणी कमी पडतंय’ असा निरोप येईपर्यंत थांबलात तर अर्धा तास हातचा गेला. सांगायचं फक्त हायड्रंटचा क्रमांक आणि चिठ्ठीचा क्रमांक.

२. पहिला बंब आगीकडे. दुसरा हायड्रंटपाशी थांबतो. दोन्ही आगीच्या तोंडाशी नेऊन मग मागे वळवायची धडपड अरुंद गल्लीत फार वेळा बघायला मिळते.

३. झाकण उघडा, गाळ काढा, टोपण काढून काही सेकंद पाणी वाहू द्या. स्वच्छ पाणी आलं की होज लावा.

४. स्पिंडल हळूहळू फिरवा, पूर्ण उघडा. अर्धवट ठेवलं तर व्हॉल्व्हची झडप थरथरते. रिकाम्या लाइनीत पाणी येताना आधी हवा बाहेर पडते, तिला वेळ द्या.

५. शक्यतो हायड्रंटचं पाणी बंबाच्या टाकीत पडू द्या आणि पंपाने टाकीतून घ्या. पंप सरळ लाइनीला जोडून जोरात ओढला तर लाइनीत उणा दाब तयार होतो, आणि आपल्या बहुतेक लाइनी गटाराला खेटून जातात. गळक्या जोडातून ते पाणी आत ओढलं जातं. थेट जोडायचंच असेल तर एका माणसाने सक्शनच्या, म्हणजे पंपात पाणी येण्याच्या बाजूच्या, दाबमापकावर नजर ठेवायची. काटा शून्याकडे झुकला की पंपाचा वेग कमी करायचा. होज चपटा पडू लागला तरी तोच इशारा.

६. बंद करतानाही हळू. झटक्याने बंद केलं तर पाण्याचा धक्का मागे जातो आणि दोन गल्ल्या पलीकडे लाइन फुटते. मग उद्याचं पाणी नाही आणि शिव्या अग्निशमनला.

तपासा: पाण्याची जबाबदारी एकाच अधिकाऱ्याकडे दिली आहे का? तो ब्रांच धरणार नाही, फक्त पाण्याचं बघेल.

## टप्पा ९: आग विझल्यावर

होज गुंडाळून निघून जाऊ नका. हायड्रंट बंद, टोपण जागेवर, झाकण बसलेलं, आणि बंद केलेले फाटे पुन्हा पूर्वस्थितीत. हे शेवटचं राहिलं की सकाळी अर्ध्या वॉर्डाला पाणी येत नाही आणि कारण शोधायला दुपार होते. व्हॉल्व्हमनने चिठ्ठी उलट क्रमाने वाचत जायचं.

पुढचं पाणी सोडण्याआधी पाणी यंत्रणेने लाइन मोकळी वाहू द्यावी आणि टोकाच्या नळाला क्लोरीन तपासावं. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं मिळायला हवं. कमी आलं तर रहिवाशांना पाणी उकळून प्यायला सांगायचं.

नोंदवही एकच, दोन्ही खात्यांची. कुठला हायड्रंट वापरला, टाकी किती वेळात भरली, काय मोडलं, दुरुस्ती कोण आणि कधीपर्यंत करणार. प्रत्यक्ष आगीत मिळालेला भरण्याचा वेळ आधीच्या चाचणीपेक्षा वाईट निघाला तर त्या हायड्रंटचा रंग त्याच दिवशी बदला.

पूर्ण फेरी वर्षातून दोनदा: एक पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या फटाक्यांआधी, कारण तेव्हा चेंबर गाळाने भरलेले असतात. दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणीकपात सुरू होण्याआधी. कपात लागू झाली की पाणी सोडायच्या वेळा बदलतात, म्हणून टप्पा ५ च्या चिठ्ठ्या त्या आठवड्यात नव्याने काढाव्या लागतात. जुन्या चिठ्ठ्या बंबातून काढून फाडून टाका.